क्रांतीचा रिपोर्ट

"नाव माझ्या बायकोचं घाला," हंबीरराव लॅबच्या काउंटरवर वाकून म्हणाले. "रूपाली हंबीरराव चौगले. वय सेहेचाळीस. मोबाइलबी तिचाच लिवा."

काउंटरवरच्या मोनानं मागच्या बाकाकडं पाहिलं. तिथं रूपाली बसली होती आणि शेजारी क्रांती, स्कार्फ गुंडाळून, नुसते डोळे उघडे ठेवून. मग पावती फाडून दिली.

क्रांतीची सुपारी फुटून पंधरा दिवस झाले होते. मुलगा गारगोटीचा, धैर्यशील, शाळेत शिक्षक. आणि नेमका आत्ताच पोरीला ताप आला, सांधे धरले, केस मूठमूठ गळायला लागले. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावणारी पोर जिना चढताना कठडा धरू लागली. उचगावात एका घरात फोडणी पडली की चार घरांना ठसका लागतो, म्हणून हंबीररावांनी ही नावाची युक्ती काढली होती. बायकोला त्यांनी एवढंच बजावलं होतं, "कुणापाशी तोंड उघडायचं न्हाय." या कामाचा रूपालीला पंचवीस वर्षांचा सराव होता.

आत नस सापडेना. तीनदा टोचल्यावर क्रांतीला घेरी आली. रूपालीनं तिचं डोकं पोटाशी धरून ठेवलं.

रिपोर्ट दोन दिवसांत मिळणार होता. पाच दिवस लागले.

"हे कागद आईच्या नावावर कसे?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेशंट लेकच हाय, साहेब. लगीन ठरलंय. समजून घ्या की."

डॉक्टरांनी समजून घेतलं. लग्नाच्या मुलींचे असे कागद त्यांना नवे नव्हते. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की याला ल्युपस म्हणतात. शरीराची राखण करणारी शक्तीच शरीरावर उलटते. मुळापासून जात नाही, पण गोळ्यांनी ताब्यात राहतो. उन्हात जायचं नाही, आणि पुढं मूल हवं असेल तर आधी विचारायचं.

"म्हंजे कुंपणच शेत खायला लागलंय," हंबीरराव म्हणाले.

त्याच संध्याकाळी क्रांतीनं धैर्यशीलला फोन लावला. बाप आडवा आला.

"मला खोटं बोलून नांदायचं न्हाय, दादा," ती बापाला म्हणाली आणि फोनवर सगळं सांगून टाकलं. धैर्यशीलनं ऐकून घेतलं. पोरंबाळं होतील ना, एवढं एकच विचारलं. तिसऱ्या दिवशी त्याचा चुलता केरबा आला, अर्धा कप चहा प्यायला आणि ठरलेलं मोडून गेला.

हंबीरराव आठ दिवस लेकीशी बोलले नाहीत. क्रांती रडली नाही. तिनं धावायचे बूट माळ्यावर टाकले. गोळ्यांनी तोंड सुजून गोल झालं, तसं आरशात बघणंही सोडलं. तेविसाव्या वर्षी आपलं सगळं संपलं, असं तिला मनापासून वाटत होतं.

रूपालीनं तिला काडी उचलू दिली नाही. शेण, वैरण, धारा, सगळं स्वतःकडं घेतलं. भर उन्हात वैरणीचा भारा आणायची आणि लेकीला म्हणायची, "तू सावलीतनं हलू नगंस." तिचे गाल उन्हानं लालभडक व्हायचे. शेजारची चिमणाबाई चिडवायची, "काय गं रूपाली, पावडर लावतीस व्हय या वयात?" रूपाली हसायची. सकाळी धार काढताना बोटं मिटत नसत. मग ती गरम पाण्यात हात बुडवून बसायची. "वय झालं की," म्हणायची. लेकीच्या दुखण्यापुढं आपलं दुखणं काय सांगायचं, असा तिचा हिशेब.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा तपासण्या सांगितल्या. या वेळी हंबीरराव काउंटरवर वाकले नाहीत. "तिचंच नाव घाला," ते म्हणाले. "आता कुणापास्नं लपवायचं?"

डॉक्टरांनी जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवला. दोन्हींतल्या एकाच ओळीवर बोट ठेवलं.

"ही तपासणी इतक्या लवकर अशी साफ होत नसते. ते आधीचं रक्त तुझंच होतं ना?"

"माझंच, सर. तीनदा टोचलं होतं."

"मग लॅबमध्ये काहीतरी गोंधळ झाला असणार. तुझा तो नुसता चिकनगुनियाचा दणका असावा. गोळ्या हळूहळू उतरवू, एकदा खात्रीला परत तपासू. पण मला वाटतं, तुला ल्युपस नव्हताच."

घरी येताना हंबीररावांनी किलोभर पेढे घेतले. अंगणातूनच त्यांनी गारगोटीला फोन लावला आणि गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायला लागले.

क्रांती स्वयंपाकघरात आली. रूपाली भाकरी थापत होती. थापताना मध्येच थांबत होती. लेकीनं सगळं सांगितलं तशी तिनं पिठाच्या हातानंच तिची अलाबला घेतली. तिचे डोळे घळाघळा वाहू लागले.

"माझी सोन्यासारखी पोर सुटली," ती म्हणाली. "आता मला काय बी नगं."

मग क्रांतीला इतक्या दिवसांचं रडू फुटलं. सहा महिने, बूट, धैर्यशील, सुजलेलं तोंड, सगळं एकदम बाहेर आलं.

"त्या लॅबवाल्यांनी माझं वाटोळं केलं, आई! कुणाचं रक्त माझं म्हणून तपासलं, देव जाणे. ते कुणाचं हाय, त्या बिचारीला तर पत्ताबी नसंल."

"त्यास्नी नगं शिव्या देऊ, बाळ," रूपाली तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "दुसऱ्या दिवशी फोन आलता, रक्त कमी पडलंय, रूपाली चौगलेंनी परत येऊन द्या म्हणून. तू तापानं फणफणलीवतीस, तुला परत कुठं टोचून घ्यायचं? नाव माझंच हुतं, मीच जाऊन माझं दिलं."