पूर्वीचे आजार

पूर्वीचे आजार?

"फक्त बीपी," मी दवाखान्याचा फॉर्म भरणाऱ्या सिस्टरला सांगितलं. आईला तीन वर्षांपासून डिमेन्शिया होता. पण माझ्या मुलीच्या होणाऱ्या सासूबाई मागेच उभ्या होत्या.

फ्लूच्या वॉर्डात कुणाला सोडत नव्हते. पाचव्या दिवशी ताप उतरला, तेव्हा मला आत बोलावलं. आईचे हात पलंगाला बांधलेले होते.

"सारखी सलाईन उपटायच्या. भारी हट्टी हो आजी!" सिस्टर म्हणाली.

"हट्टी नाही ती. डिमेन्शिया आहे तिला."

"मग आधी सांगायचं ना, काका! अशा पेशंटजवळ घरचं माणूस बसू देतो आम्ही."

घरी सोडताना रुग्णाची स्थिती?

सिस्टरने पट्ट्या सोडल्या. मी हात धरायला वाकलो, तर आईने दोन्ही मनगटं पुढे केली.

"बांधा," ती म्हणाली. "मी ओरडणार नाही."