गार्डाची झेंडी

आई गेल्यापासून निवृत्त इंजिन ड्रायव्हर असलेल्या बाबांनी कॉम्प्युटरवरचा आगगाडीचा लाडका खेळ उघडलाच नव्हता. त्याच त्या मार्गाला कंटाळले असतील म्हणून माहेरी आलेल्या लेकीने त्यांना नवा मार्ग घेऊन द्यायचं ठरवलं. जावई निवडताना केली नव्हती एवढी चिकित्सा बाबांनी केली. समुद्रकाठचा मार्ग म्हणे फारच सरळ, वाळवंटातल्या मार्गावर औषधालाही बोगदा नाही! शेवटी बर्फाच्या डोंगरातला मार्ग कसाबसा पसंत पडला.

पडद्यावर प्रवासी चढले, दारं लागली, सिग्नल हिरवा झाला. बाबा मात्र हाताची घडी घालून ढिम्म.

"बाबा, निघा की! लोक शिव्या घालतील आता."

"गार्डाने झेंडी दाखवल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नसते, बाळ."

"अहो, खेळात कुठला आलाय गार्ड?"

"आमच्या गाडीला होता."

बाबांची नजर गेली तिकडे तिने पाहिलं. त्यांच्या पाठीमागच्या रिकाम्या खुर्चीवर आईचं स्वयंपाकघरातलं हिरवं फडकं घडी करून ठेवलं होतं.