न पडणारी बाहुली

टिचकी मारली की बाहुली डावीकडे जरा जास्त झुकायची, कारण हात म्हणून लावलेल्या दोन जुन्या चमच्यांपैकी डावा किंचित जड होता. मग डुलत डुलत सरळ व्हायची. तिच्या बुडाला जुन्या बाजारातून आणलेली, दाराची गोल पितळी मूठ होती. सगळं वजन तळाशी.

बाहुली करणारी थोडे दिवस म्हणून भावाकडे राहायला आली होती. आता डबे, धुणं, सगळ्यांची औषधं तिच्याच गळ्यात होती. बाहुल्या बऱ्यापैकी खपत होत्या, पण त्या करायला मिळायचा तो ओट्याचा कोपरा, तोही भांडी आवरल्यावर. "दादा, मी..." एवढं कितीदा तरी ओठांवर आलं होतं, आणि पुढचं तिनं गिळलं होतं.

आज पाहुण्यांसमोर वहिनीनं बाहुलीला टिचकी मारली. "आमच्या वन्संही अश्शाच. कितीही ढकला, पडायच्या नाहीत."

"आणि जागच्या हलायच्याही नाहीत," दादा म्हणाला. "कुठे जातेय ती? आमचे डबे कोण करणार मग?"

सगळे हसले, सवयीनं तीही हसली. मग तिनं बाहुली उचलून आडवी धरली आणि बुडाची मूठ फिरवून सोडवायला घेतली.

"अगं, चांगली बाहुली मोडतेस कशाला?"



"दादा, मी खोली घेतलीय. तिच्या दाराला मूठ नाहीये."