भोपळ्याखालच्या बंदुका

"वेल उपट आणि बंदुका काढ," फोल्कर दबक्या आवाजात म्हणाला. "परवा बँक लुटायची आहे."

रेनाटे हातात झारी घेऊन तशीच उभी राहिली. भांडवलशाही उलथवायला निघालेल्या त्यांच्या भूमिगत गटाने मार्चमध्ये फ्रँकफर्टबाहेर हा बागेचा तुकडा खोट्या नावाने भाड्याने घेतला, होत्या तेवढ्या चारही बंदुका तिथे पुरल्या आणि राखणीला तिला बसवलं. पण असे तुकडे भाड्याने देणाऱ्या बागमंडळाचा नियम भलता कडक: एक तृतीयांश जमिनीत भाजी लावा, नाहीतर चालते व्हा. कुणाला संशय नको म्हणून तिने भोपळा लावला आणि तो पठ्ठ्या नेमका बंदुकांवरच फोफावला. आता ऑगस्टात मंडळातले पेन्शनर रोज कुंपणाशी येऊन त्याचा घेर मोजून तिचं कौतुक करत होते, आणि गटात सात वर्षं राबूनही जिला कुणी एकदा शाबासकी दिली नव्हती ती रेनाटे चक्क लाजत होती.

"मुळं दुखावली तर फळ सडेल," ती म्हणाली.

"कॉम्रेड, भोपळ्यासाठी तू क्रांती अडवतेयस? याला गद्दारी म्हणतात!"

गद्दाराला गोळी घालायची, असा गटाचा ठराव होता. रेनाटेनेच तो टाईप केला होता. फक्त त्यासाठी लागणाऱ्या बंदुकाही भोपळ्याखालीच होत्या.

"आधी पाय उचल. वाफ्यात उभा आहेस."

फोल्कर दचकून पायवाटेवर आला आणि ओशाळून बूट झटकू लागला. "वरच्यांना काय सांगू?"

"ऑक्टोबरात भोपळा उतरेपर्यंत थांबा म्हणावं," ती झारी भरत म्हणाली. "क्रांतीला तो महिना तसाही मानवतो."