दोन-एक

"चोमिन आला की आधी त्याला जेवू घाल. मग सांग. आणि त्याला काही बोलू नकोस."

आईचा आवाज कार्मेलेच्या कानांतून जात नव्हता. खाली सान मामेसचं मैदान गरजत होतं, रेडिओवरचा माणूस घसा फाडत होता, तरी त्या सगळ्याच्या वर तोच थकलेला आवाज. आईचं शेवटचं सांगणं, आणि तिने त्यातलं काहीच पाळलं नव्हतं.

तिचा भाऊ चोमिन गोदीतल्या दोस्तांबरोबर बसने तुरीनला गेला होता, बिल्बावच्या अॅथलेटिक संघाच्या फुटबॉल कपच्या अंतिम सामन्याचा पहिला टप्पा बघायला. त्याच संध्याकाळी आई गेली. परतला तेव्हा त्याच्या गळ्यात लाल-पांढरा रुमाल होता आणि घसा बसलेला. दारातूनच म्हणाला, "एकच गोल बसला गं. घरी फेडू व्याजासकट."

"आई गेली," कार्मेले म्हणाली. "काल मातीही दिली. तू बस तुझे गोल मोजत." आणि तिने दार लावलं. मग दाराला पाठ लावून ती कितीतरी वेळ उभी राहिली. पलीकडून त्याचं रडणं ऐकू येत होतं. तिला त्याचाही राग आला.

नवव्या दिवशीच्या प्रार्थनेनंतर बेगोन्या मातेच्या चर्चच्या पायरीवर फादर फेर्मीननी तिला अडवलं. चोमिन खाली टोपी मुरगाळत उभा होता.

"सख्खा भाऊ आहे, पोरी. सोड राग."

"सोडते की." तिने मुद्दाम आवाज चढवला, खाली ऐकू जावा म्हणून. "त्याचं अॅथलेटिक तुरीनवाल्यांना ज्या दिवशी हरवेल, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी माझ्या पायांनी त्याच्या घरी जाईन. माता साक्ष आहे."

टोमणाच होता तो. हिवाळ्यात मिलानवाल्यांना चार गोल हाणले होते हे खरं, पण तुरीनवाल्यांची गोष्ट वेगळी, असं सारं बिल्बाव म्हणत होतं. त्यांचा बचाव म्हणजे भिंत.

आता दुसरा टप्पा खाली सान मामेसवर चालू होता. घरात मेणबत्तीसमोर ती बसली होती आणि जन्मात कधी केली नव्हती ती प्रार्थना करत होती. हरू देत. एकदा हरू देत म्हणजे सुटले.

तुरीनवाल्यांनी सुरुवातीलाच गोल केला. मैदान गप्प झालं. कार्मेलेने सुटकेचा श्वास घेतला आणि त्या श्वासाची लाज वाटून छातीवर क्रुसाची खूण केली. थोड्याच वेळात अॅथलेटिकने फेड केली. मग नुसती झुंज. शेवटी शेवटी अॅथलेटिकचा दुसरा गोल झाला आणि तिच्या खिडकीची तावदानं थरथरली. अजून एक झाला की कप इथेच राहणार होता.

तो झाला नाही. शिट्टी वाजली. एवढ्या मोठ्या मैदानातून चकार शब्द येईना.

चौकाकडच्या खिडकीत, वाळत्या कपड्यांपलीकडे, शेजारच्या फेलिसाचं तोंड लालबुंद झालं होतं. "जिंकलो तरी हरवलं गं मेल्यांनी आपल्याला."

"हरलो ना?" कार्मेलेने विचारलं.

"कप हरलो. सामना जिंकलो. तिकडे एक-शून्य, इकडे दोन-एक. बेरीज सारखी. पण मग परक्याच्या मैदानावरचा गोल म्हणे जड धरतात, म्हणून कप त्यांचा. त्यांचा एक जड, आणि आपले दोन काय भुश्याचे? शेंबड्या पोराला विचार, दोन मोठे की एक."

"म्हणजे हरलोच."

"तुझं काय चाललंय? गाव सुतकात आणि तुझा चेहरा लग्नघरातला."

कार्मेलेने खिडकी लावून घेतली. मेणबत्तीसमोर गुडघे टेकले. आता एवढंच म्हणायचं होतं, माते, ते हरले. साक्षीला सारं शहर होतं. चोमिनसुद्धा कुठल्या तरी गुत्त्याच्या पायरीवर बसून तेच म्हणत असणार. पण मातेच्या तसबिरीकडे बघून ते दोन शब्द तिच्या जिभेवर येईनात. दोन-एक. दोन कोणाचे, एक कोणाचा, हे मातेला काय सांगायचं?

मग ती भडकली. आयुष्यात पहिल्यांदा मातेवर भडकली.

"अख्ख्या गावाने कप मागितला, तो दिला नाहीस. आणि मी जे होऊ नये म्हणून पदर पसरला, तेवढंच नेमकं दिलंस."

सकाळी गल्लीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पाववाल्याने उतरलेल्या तोंडाने तिला पाव दिला. चर्चबाहेर फादर फेर्मीन उभे होते, डोळे सुजलेले.

"त्या नियमाला रात्रभर शिव्या घातल्या गं," ते म्हणाले. "देव क्षमा करो." मग तिच्याकडे बघून आवाज खाली आणला. "तुझं मात्र बरं झालं. हरलो आपण. तू शब्दातून मोकळी."

कार्मेले नेहमीसारखी चर्चच्या पायऱ्या चढली नाही. डोक्यावरचा काळा रुमाल तिने घट्ट केला. राग होता तसाच होता, एक रतीही कमी झाला नव्हता.

"नाही, फादर," ती म्हणाली. "आपण जिंकलो."

आणि ती गोदीकडच्या उतारावर, भावाच्या घराच्या दिशेने चालू लागली.