अस्वलाचा ढोल

तीन वर्षांपूर्वी आलेल्या त्या पत्राला मुद्रितशोधकाने उत्तर दिलं नव्हतं. लिहिलं नव्हतं असं नाही. चार वेळा लिहिलं, आणि चारही वेळा त्यावर इतक्या खुणा केल्या की पाठवण्याजोगं काही उरलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. आता निवृत्तीनंतर स्वतःचं एक वाक्य धड वाटेल तर शपथ.

पत्र घड्याळाच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीचं होतं. तिला भंगारात पत्र्याचं ढोलवालं अस्वल सापडलं होतं, पण चावी नव्हती. तस्संच अस्वल मुद्रितशोधकाकडे खोक्यासकट आहे, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. चावीचं तोंड शाईत बुडवून कागदावर ठसा उमटवून पाठवा, मी तशी घडवीन, असं तिने लिहिलं होतं. आणि अगदी खाली, 'तुमच्या अस्वलाचा ढोल कसा वाजतो, तेही कळवा.'

ठसा काय, एका मिनिटाचं काम. घोडं पेंड खात होतं ते शेवटच्या ओळीपाशी. चाळीस वर्षांत त्याने अस्वलाला एकदाही चावी दिली नव्हती. जुनी संग्राहक मंडळी खेळणी चालवत नसत; स्प्रिंग झिजते, रंग उडतो. "ही नवी पोरं खेळण्यांशी खेळतात रे," असं त्याचा दोस्त, दातांचा डॉक्टर, म्हणायचा, जणू पोरं खेळणी खातातच. हा मान डोलवायचा. मग आवाज मला ठाऊक नाही, असं त्यातल्याच एका पोरीला कोणत्या तोंडाने लिहायचं?

गेल्या आठवड्यात डॉक्टर गेला. त्याच्या भाच्याने याला बोलावून घेतलं आणि बिस्किटांचा एक डबा पुढे सरकवला. आत डॉक्टरच्या खेळण्यांच्या साठ-सत्तर चाव्या होत्या. कोणती कशाची तेवढं सांगा, काका, म्हणाला. याने एकेक उचलली, उलटीपालटी केली, खाली ठेवली. एकही सांगता आली नाही.

आज दुपारी त्याने खोकं टेबलावर घेतलं. सून पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती. चावी दोनदा खुंटीवरून घसरली. कशीबशी बसली, तर फिरेना. बोटांतला जोर कधी गेला, त्याचा पत्ताच लागला नव्हता.

"द्या इकडे, बाबा," सून म्हणाली. "तुम्ही नुसतं ऐका."

तिने चावी फिरवली. एक वेढा, दोन, अडीच. अस्वल टेबलावर ठेवलं. दोघं वाकून बघत राहिले. अस्वलाचा उजवा हात सावकाश वर गेला, ढोलाच्या वर बोटभरही नाही, आणि तिथेच थांबला. तिने ते हलवलं, पाठीवर थोपटलं. हात वरच.

"आतलं तेल गोठलंय. कधी चालवलंच नाही ना."

"मी जपत होतो."

सून म्हणाली की पत्रवाली मुलगी घड्याळवालीच आहे, अख्खं अस्वल तिच्याकडे पाठवा, साफ करून देईल. त्याने अस्वल जवळ ओढलं. तेवढी छाती त्याची नव्हती.

त्याने ठसा घेऊन पाहिला. हात हलला, चावीच्या एका चौकोनी भोकाचे तीन-तीन चौकोन उमटले. मी घेते, म्हणून सून पुढे आली, तोवर त्याने चावी पुसून लिफाफ्यात टाकलीसुद्धा.

"अहो, मग ह्याचं काय?"

"होती तेव्हा तरी काय झालं?"

पत्र दोन ओळींचं झालं. 'ढोल कसा वाजतो ते मला माहीत नाही. तुमचा वाजला तर कळवा.' अक्षर सगळं वेडंवाकडं. सवयीने त्याने लाल पेन उचललं, मग टोपण लावून ठेवून दिलं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी तो लिफाफा फटीत धरून उभा राहिला. पोरीने एव्हाना पत्ता बदलला असेल. अंदाजाने चावी घडवून स्प्रिंग तोडलीही असेल. परत घरी न्यावा का, असा विचार आला तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "आजोबा, टाकताय ना?" तो दचकला. हातातला लिफाफा सुटला.

पेटी रिकामी असावी. चावी थेट तळाच्या पत्र्यावर आदळली. पत्रा क्षणभर घुमत राहिला. बाईला वाट द्यायची विसरून तो कान देऊन ऐकत राहिला.