डावा कोपरा

"बाबा, हलू नका हो! परवा क्लासमध्ये चित्र द्यायचंय मला, आणि हे तोंड काही केल्या जमत नाहीये."

खुर्चीत बसलेले सासरे जन्माचे शिंपी. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "माझा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय, मशीनवर वाकून वाकून. तो सरळ काढलास तर बघ!" सुनेला खांदा जमला, नाक जमलं, गळ्यातली टेपसुद्धा जमली. कालपर्यंत ओठही बरे होते. आज मात्र सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. हात लांब करून ब्रश आडवा धरायचा, एक डोळा मिटायचा, माप घ्यायचं, की ओठांचा डावा कोपरा चुकलेलाच. टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला. चाळिशीत हे खूळ डोक्यात घेतलंस ना, मग भोग आता, असं ती स्वतःवरच चरफडली.

सासऱ्यांच्या डाव्या हातातला, कापडावर खुणा करायचा खडू निसटून खाली पडला. ते काहीतरी पुटपुटले.

"राहू दे तो खडू! आणि बोलू नका, तोंड हलतं."

ते बिचारे पुन्हा समोर बघू लागले.

क्लासचे सर नेहमी ओरडायचे, "ठाऊक असलेला चेहरा काढू नका, समोर दिसतो तो काढा!" तिनं वैतागून उरलेले ओठही पार पुसून टाकले. या खेपेला कॅनव्हासकडे कमी आणि चेहऱ्याकडे जास्त बघत, कोपरा जिथे दिसला तिथेच टेकवला. माप घेतलं. बरोब्बर बसलं! तिला टाळी वाजवावीशी वाटली.

सासूबाई हात पुसत आल्या आणि थेट कॅनव्हाससमोर उभ्या राहिल्या.

"अगं बाई! सगळं हुबेहूब, आणि तोंड तेवढं वाकडं? यांची थट्टा करतेस की काय?"

"उगाच नावं ठेवू नका हं, आई. दिसतंय तस्संच काढलंय मी."

बोलली, आणि तिचा ब्रश तिथेच थांबला. दोघींनी एकदमच मान वळवली.

"अहो," सासूबाईंचा आवाज चिरकला, "बोला ना काहीतरी. अहो!"

सासऱ्यांनी सुनेकडे बघितलं, परवानगी मागावी तसं. तिनं कशीबशी मान हलवली.

त्यांच्या ओठांची उजवी बाजू तेवढी हलली.

"मी... हल...लो... नाय."